बसल्या नजरेची उंची

२ सप्टेंबर

ही वही ताईने दिली. म्हणाली, "आयुष्यभर नुसती मापं लिहीत आलास. त्या दिवशी काय घडलं तेही लिहीत जा अधूनमधून." ठीक आहे. पण सुरुवात माझ्या पद्धतीने करतो. या दोन हातांनी आजवर काय केलं ते आधी लिहून ठेवतो.

वकिलांची टेकडीवरची लिहायची खोली, आठ बाय अकरा. एकही झाड तोडलं नाही. एक फांदी छपरातून आरपार जाते, सात वर्षांत तिथून थेंब आत आलेला नाही.

व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंची ओढ्यावरची खोली, चार खांबांवर. पाणी ऐकू यावं पण सुरात लुडबूड करू नये, म्हणून त्या बाजूला दुहेरी फळ्या.

कुंभारकाम करणाऱ्या नवराबायकोची शेड. दोघांना दोन वेगळ्या दिशांचा उजेड हवा होता. दिला.

निवृत्त न्यायाधीशांची नुसती बसायची खोली. तिला दारच नाही. जन्मभर दारं लावून निकाल दिले, आता दार नको म्हणाले.

अशा एकूण एकतीस. शिवाय आमचं जेवणाचं टेबल, माझा रंधा, आणि बायकोचं स्वयंपाकघरातलं कपाट (झडपा व्हायच्या आहेत).

यातलं काहीही मी कुणाकडे शिकलो नाही. नकाशावर सही लागते तेव्हा शिक्क्याकडे जातो. शिक्का म्हणजे आमचा परवानेवाला आर्किटेक्ट. त्याच्याकडे डिग्री आहे, माझ्याकडे डोळा आहे.

५ सप्टेंबर

ताईला इथे येऊन महिना झाला. अडतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि राहिली कुठे, तर दोन खोल्यांत, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. आज चहा पिताना म्हणाली, "धाकट्या, मागे तळ्याकाठी मला एक खोली करून दे. चित्रं काढायला. चार भिंती नकोत, तीनही चालतील."

बत्तिसावी खोली. मी लगेच टेप आणला.

माझी पद्धत अशी. जागा बघायच्या आधी माणूस बघायचा. त्याला त्याच्या रोजच्या खुर्चीत बसवायचं, पाच मिनिटं गप्पा मारायच्या म्हणजे तो ताठपणा सोडतो, आणि मग जमिनीपासून डोळ्यापर्यंतचं माप घ्यायचं. बसल्या नजरेची उंची. सगळी खोली त्या आकड्यावर उभी राहते. खिडकीचा खालचा काठ त्याच्या सोळा इंच खाली. त्याहून वर गेला की समोरचं पाणी दिसेनासं होतं, खाली आला की माणसाला उघड्यावर बसल्यासारखं होतं. शिक्का हे कॉलेजात पाच वर्षं घालवूनही करत नाही. मला हे कुणी सांगितलं नाही. लहानपणी ताई मला शाळेच्या व्हरांड्यात घेऊन जायची, ती चित्र काढायची आणि मला कधी उभं करायची, कधी बसवायची. "बघ, तू बसलास की सगळ्या रेघा बसतात." तेव्हा बघता बघता आपोआप कळलं.

ताई: त्रेचाळीस इंच. काठ सत्तावीसवर.

"ऑक्टोबर संपायच्या आत झालं तर बरं," ती म्हणाली. शाळेतली सवय, सगळं सत्र संपायच्या आत. नंतर माणसं लावण्याचं काहीतरी काढलं तिने. मी हसलो. विषय तिथेच संपला.

११ सप्टेंबर

जागा ठरली. तळ्याकडे झुकलेलं जे झाड आहे, ज्याला आम्ही लहानपणापासून 'वाकडं' म्हणतो, त्याच्यापासून नऊ फुटांवर. मुळांना धक्का नको म्हणून पाया खणत नाही, सहा दगडी ठोकळ्यांवर खोली टेकवतो. पाण्याची नळी घेऊन पातळी साधायला चार दिवस गेले. सहावा ठोकळा दीड सूत वर होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बायको म्हणाली, "दीड सुताने वन्सं घरंगळणार आहेत का?" ठोकळा काढला, पुन्हा बसवला.

१९ सप्टेंबर

ताईला डॉक्टरांकडे नेलं. तिथली बाकं सोळा इंचांची आणि खिडकी पाच फुटांवर. म्हणजे आजारी माणसाने बसून बघायचं काय, तर भिंतीवरचा ओलावा. मी ते वहीत टिपून घेत होतो तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी बायकोला आत बोलावलं. दोघी बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "आता सगळं त्यांच्या कलाने घ्या." मी म्हटलं, "तेच तर करतोय. खोली बांधतोय त्यांच्यासाठी."

परतताना गाडीत ताईच बोलत होती. रस्त्याच्या कडेच्या खांबांबद्दल, की लांबचे खांब जवळजवळ दिसतात हे पोरांना सांगून पटत नाही, कागदावर मोजून दाखवावं लागतं.

२८ सप्टेंबर

शिक्का घरी आला, सोबत हॉटेलवाला. डोंगरात चौदा खोल्या हव्यात, 'निसर्गाच्या कुशीत', हा त्याचा शब्द. सगळ्या एका मापाच्या. मी विचारलं, "राहणार कोण?" म्हणाला, "कोणीही." मी म्हटलं, "कोणीहीच्या डोळ्याची उंची मला माहीत नाही." सव्वीस लाख देत होता. नाही म्हटलं. शिक्क्याने बाहेर जाऊन गाडीच्या टपावर डोकं टेकलं.

ताईला सांगितलं तेव्हा खूप हसली, हसता हसता खोकला लागला. म्हणाली, "बरं केलंस. आता माझ्या खोलीत काही आडवं यायला नको."

"तुझ्या खोलीत मी कुणालाच आडवं येऊ देणार नाही."

"हो, ते तर दिसतंच आहे," बायको आतून म्हणाली.

९ ऑक्टोबर

चौकट उभी राहिली. खिडकी साडेसहा फूट रुंद, मधे एकही दांडा नाही. जुन्या गोदामाच्या तुळया चिरून काढलेलं लाकूड आहे, खिळा कुठेच नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड.

काच मागवण्याआधी एकदा माप तपासावं म्हणून ताईला खुर्चीत बसवलं. साडेएकेचाळीस. पुन्हा घेतलं. साडेएकेचाळीसच.

असं माझ्या हातून कधी झालेलं नाही. एकतीस खोल्यांत एकदाही नाही. खुर्चीची उशी बदलली का, ते बायकोला विचारलं. म्हणाली, "उशी तीच आहे." मग टेपची पट्टी सैल झाली असणार. नवा टेप आणला. साडेएकेचाळीस.

म्हणजे सप्टेंबरात मीच चुकलो. ताईशी गप्पा मारता मारता घेतलेलं माप, लक्ष नसणार. लाज वाटली. काठ दीड इंच खाली घ्यावा लागेल, म्हणजे खालच्या फळ्या, दोन्ही बाजूंचे सांधे, सगळं उतरवायचं. ठिगळ मी मारत नाही.

"दीड इंचाने काय होतं?" बायको म्हणाली.

"दीड इंचात तळ्याचा अलीकडचा काठ जातो. तिथेच बगळे उभे राहतात."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्या भाषेत बोललो. मग म्हणाली, "अहो, तुम्हाला खरंच दिसत नाही का?"

"दिसतं म्हणून तर उतरवतोय," मी म्हटलं.

१० ऑक्टोबर

उतरवली.

२१ ऑक्टोबर

चौकट पुन्हा उभी. छप्पर झालं, जमीन झाली, डावी भिंत झाली. पावणेपाच इंची फळ्या, आडव्या, फटी अशा की नखही जाऊ नये. तळ्याकडची बाजू अजून उघडी, तिथे ताडपत्री लावली आहे.

ताई आज काठी घेऊन मागच्या दारापर्यंत आली. उंबऱ्यावर थांबली. तिथून ताडपत्री तेवढी दिसते.

"धाकट्या, मला आहे तशीच बसू दे ना तिथे घटकाभर."

"काच नाही अजून. वारं येतं."

"वारंच हवंय मला."

"ताई, अपुरं काम मी कुणाला दाखवत नाही. वकिलांनाही दाखवलं नव्हतं. तू पहिल्यांदा आत जाशील तेव्हा सगळं जागच्या जागी असेल."

ती दाराला टेकली. मग म्हणाली, "लहानपणीही असाच होतास. चित्रावर हात ठेवून काढायचास, मला बघू द्यायचा नाहीस. आणि मग वर्गाची वेळ संपायची."

मला ते आठवत नाही.

२६ ऑक्टोबर

अडतीस.

बसवल्याबसवल्या ती एका बाजूला कलली, म्हणून बायकोने तिला मागून धरलं होतं, तरी अडतीस. मी बायकोला म्हटलं, "तू धरलंस की माप खोटं येतं." बायको म्हणाली, "मी सोडलं तर माप येणारच नाही."

नंतर ओट्यापाशी तिने मला गाठलं. भांडण म्हणावं असं नाही, कारण ती हळू आवाजात बोलत होती. "काठ आहे तिथेच राहू दे. कशीही खिडकी करा, भोक ठेवा भिंतीत. पण आता करा."

मी म्हटलं, "भोक ठेवायचं असतं तर तिने गवंड्याला सांगितलं असतं. मला का सांगितलं?"

"कारण तुम्ही भाऊ आहात," ती म्हणाली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

अडतीस वजा सोळा, बावीस. काठ बावीस इंचांवर. उद्यापासून.

थोडं थकल्यामुळे माणूस खुर्चीत जरा रुततो, हे मला कळतं. थंडी पडली की भूक लागेल, अंग धरेल, पुन्हा ताठ बसेल. पण तेव्हा बावीसचा काठ फार खाली पडेल. त्यावर उपाय काढला आहे: खुर्चीच्या पायांखाली घालायला लाकडी टोप्या, अर्ध्या इंचाच्या, कमीजास्त करता येतील अशा. आठ नग कातून ठेवले.

४ नोव्हेंबर

काच आणायला दिवसभर शहरात. दुकानदाराने कडेला दोन सूत कमी कापली होती. समोर बसून दुसरी कापून घेतली. ऊन उतरता उतरता परत आलो.

खोलीत कुणीतरी आलं होतं. ताडपत्री गुंडाळून वर बांधलेली, तीही नीट, दोन गाठी मारून. जमिनीवरच्या भुशात चार ठिकाणी गोल ठसे. आणि डाव्या खांबावर पेन्सिलीची आडवी रेघ, शेजारी छोटा बाण, मी करतो तशी खूण. पण ती खूण माझी नाही. जमिनीपासून एकोणीस इंच. त्या उंचीवर माझं काहीच येत नाही, ना काठ, ना सांधा.

बायकोला विचारलं. म्हणाली, "गादीला ऊन दाखवलं. घडीच्या खाटेवर घालून."

"तयार जमीन आहे ती, वाळवणाची जागा नाही."

"चुकलं," ती म्हणाली. इतकं चटकन ती कधी कबूल करत नाही.

पॉलिशपेपरने रेघ काढून टाकली. तेल लावायच्या आधी दिसली हे नशीब, नाहीतर कायमची राहिली असती.

ताई आज बरी वाटली. गालांवर रंग होता. नवीन औषध लागू पडतंय. तिच्या चादरीवर भुसा होता, तो माझ्या कपड्यांवरून पडला असणार. झटकायला गेलो तर म्हणाली, "असू दे."

९ नोव्हेंबर

ताई आता उठत नाही. मी कामावरून आलो की तिच्यापाशी बसतो आणि काय झालं ते सांगतो.

"काय राहिलं?"

"काच बसली. बिजागऱ्या राहिल्या. पितळी मिळाल्यात, पण स्क्रूचं डोकं बाहेर येतं, म्हणून जागा खोल करतोय."

"किती?"

"चोवीस स्क्रू."

"चोवीस," ती म्हणाली. मग डोळे मिटून, "उजेड कुठून येतो?"

"सकाळी वाकड्याच्या फांद्यांतून. जमिनीवर तुकडे पडतात."

"माहीत आहे," ती म्हणाली.

माहीत कसं असेल? मी सांगितलं असेल कधीतरी.

१३ नोव्हेंबर

आज काम केलं नाही.

१५ नोव्हेंबर

ताई काल सकाळी गेली. बायको तिचे केस विंचरत होती. मी मागे सतरावा स्क्रू बसवत होतो. हाक ऐकून आलो तेव्हा फणी केसांतच होती.

२ डिसेंबर

उरलेले सात स्क्रू बसवले. तेलाचा दुसरा हात दिला. खोली पूर्ण झाली. आत उभा राहून पाहिलं, कुठे बोट ठेवायला जागा नाही. ताईची खुर्ची आणून खिडकीशी ठेवली. टोप्या घातल्या नाहीत.

शिक्का येऊन गेला. दारातून वाकून खिडकीकडे पाहिलं. म्हणाला, "इतकी खाली खिडकी तू कुठेच केली नाहीस." आणि मग त्याने एकही चेष्टा केली नाही, हे मला जास्त लागलं.

३ डिसेंबर

बायकोने आज ताईची चित्रांची वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "रागावायचं तर रागवा. तुम्ही काचेला गेलात त्या दिवशी मी आणि शेजारच्या दोघींनी वन्संना खाटेसकट उचलून तिथे नेलं होतं. तीन तास होत्या. परत यायला तयार नव्हत्या."

वहीत शेवटचं चित्र, तारीख ४ नोव्हेंबर. पेन्सिलीचं. माझी खिडकी, काच बसायच्या आधीची. काठाच्या लाकडातली गाठ जशीच्या तशी. वर वाकड्याचा शेंडा आणि रिकामं आभाळ. डावीकडे भिंतीच्या फळ्या.

मी बघतच राहिलो. काही तरी चुकत होतं आणि ताईच्या चित्रात चूक नसते. मग दिसलं. काठाची वरची बाजू चित्रात नाही. खालची कड दिसते आहे. म्हणजे डोळा काठाच्या खाली होता.

भिंतीच्या फटी मोजल्या. नजरेच्या वरच्या रेघा लांब जाताना खाली उतरतात, खालच्या वर चढतात. जी नजरेच्या उंचीवर असते तेवढीच सरळ राहते. चित्रात खालून चौथी फट सरळ आहे. पावणेपाच चोक एकोणीस.

एकोणीस इंच. तिने स्वतःचं माप स्वतः घेऊन माझ्या खांबावर लिहून ठेवलं होतं, बाण काढून, मला कळेल असं. आणि मी ते घासून टाकलं.

ज्या पाण्यासाठी मी दोनदा खिडकी उतरवली, त्याचा एक थेंब या चित्रात नाही. ती आडवी होती, तिला तळं दिसलंच नाही. खाली तिच्या शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं आहे: 'खिडकी छान झाली आहे. पाणी ऐकू येतं.'

बायको दारात उभी होती. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस, त्याच दिवशी?"

"वन्सं म्हणाल्या, नको. म्हणाल्या, तो म्हणेल अपुरं बघितलंत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल."

६ डिसेंबर

खांबावर, एकोणीस इंचांवर, पटाशीने बारीक रेघ कोरली आणि शेजारी बाण. तिथे काठ येत नाही, सांधाही येत नाही.

मग पहिल्या पानावर गेलो. यादीत बत्तिसावी खोली लिहायची होती, ती लिहिली नाही. 'यातलं काहीही मी कुणाकडे शिकलो नाही' हे वाक्य मात्र खोडलं. व्हरांड्यात ती मला उभं का करायची आणि बसवायची का, हे आज, बावन्नाव्या वर्षी कळलं. ती चित्र काढत नव्हती. शिकवत होती.

बायकोच्या कपाटाच्या झडपांचं माप घेतलं. उद्या बसतील. जशा होतील तशा.

८ डिसेंबर

झडपा बसल्या. एक खाली दोन सूत घासते. बायको म्हणाली, "घासू दे."

हॉटेलवाल्याचे सव्वीस लाख मी नाकारले ही गोष्ट मी गेले दोन महिने भेटेल त्याला सांगत आलो. दुसराही एक देकार मी नाकारला होता, तो कुणालाच सांगितला नाही. या वहीतही नीट लिहिला नाही, 'काहीतरी काढलं' म्हणून उडवून लावला. तो आज लिहितो.

५ सप्टेंबरला मी माप घेऊन टेप गुंडाळत होतो तेव्हा ताई म्हणाली होती, "धाकट्या, चांगले दोन सुतार आणि एक गवंडी महिनाभर लाव. तू फक्त उभा राहून सांग. पैसे मी काढून ठेवलेत, तुला काही बघायला नको." उशीखालून पाकीट काढून तिने माझ्या हातातही दिलं होतं. मी ते परत तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, माझ्या कामाला दुसऱ्याचा हात लागत नाही. पाकिटावर तिने आकडा लिहिला होता. बासष्ट हजार.